सिंह दुरून डरकाळी फोडतो तेव्हा



पुस्तकावरून सिनेमा निघाला की एक वाद ठरलेला असतो. ज्यांनी पुस्तक वाचलेले असते ते म्हणतात, "मूळ गोष्टीची पार वाट लावली." ज्यांनी नुसता सिनेमा पाहिलेला असतो ते म्हणतात, "आम्हाला तर आवडला बुवा." गोष्ट बोलणाऱ्या प्राण्यांची, चेटकिणींची, ड्रॅगनची असली तर वाद आणखी तापतो, कारण ते जग प्रत्येक वाचकाने आपल्या मनात आधीच उभे केलेले असते. दुसऱ्याने त्यातली एक खुर्ची जरी हलवली तरी खपत नाही.

आम्ही धर्मशिक्षक मे महिन्याच्या सुट्टीत दृढीकरणाच्या मुलांचा वर्ग घेतो, तेव्हा हा वाद दरवर्षी ऐकतो. दुपारच्या वेळी मुलांना सी. एस. लुइस यांच्या नार्नियाच्या कथांवरचे सिनेमे दाखवतो आणि नंतर बोलायला बसवतो. आता नेटफ्लिक्ससाठी ग्रेटा गर्विग या दिग्दर्शिका नार्निया नव्याने पडद्यावर आणत आहेत, त्यामुळे घरोघरी पुन्हा तोच प्रश्न येणार: मूळ पुस्तकाशी किती प्रामाणिक राहायचे? काय बदलले तर चालते आणि काय बदलले तर चालत नाही?

हा प्रश्न आपल्याला परका नाही. आपण एका पुस्तकावर जगणारी माणसे आहोत. त्या पुस्तकातली गोष्ट आपण दर रविवारी कुणाला तरी पुन्हा सांगतो, नाताळला तिचे नाटक बसवतो, लहानग्यांना चित्रे दाखवून समजावतो. म्हणून या सिनेमांकडे बघताना थोडे आपल्याकडेही बघून घ्यावे, असे आम्हाला वाटले.

ज्यांना नार्निया माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. लुइस यांनी १९५० ते १९५६ या काळात मुलांसाठी सात पुस्तके प्रसिद्ध केली. इंग्लंडमधली चार भावंडे एका जुन्या कपाटातून नार्निया नावाच्या देशात जातात. तिथला खरा राजा म्हणजे अस्लन नावाचा सिंह. भावंडांपैकी एडमंड हा मुलगा आपल्याच माणसांचा विश्वासघात करतो, आणि त्याच्या जागी अस्लन मरण पत्करतो व पुन्हा उठतो. लुइस यांनी आपल्या पत्रांतून समजावले होते की ही येशूच्या चरित्राची नक्कल नव्हे. नार्नियासारखे एखादे जग खरोखर असते आणि देवाचा पुत्र तिथे सिंह होऊन आला असता तर काय घडले असते, अशी ती कल्पना आहे.

लुइस यांना आपली गोष्ट रेडिओवर यायला हरकत नव्हती. पण अस्लनचे सोंग घेऊन माणूस समोर येणार ही कल्पना त्यांना मुळीच सहन होत नव्हती. बीबीसीच्या एका रेडिओ निर्मात्याला १९५९ साली लिहिलेल्या पत्रात त्यांनी सांगितले की असा अस्लन आपल्याला देवनिंदेसारखा वाटेल. त्यांची चिंता कुठे होती ते बघा. कपाट कसे दिसेल, चेटकीण कशी बोलेल याची काळजी त्यांनी केली नाही. त्यांना काळजी होती ती अस्लनची. तो हास्यास्पद झाला तर बाकी सगळे जसेच्या तसे ठेवूनही हाती काही उरणार नव्हते.

पहिला सिनेमा २००५ साली आला. दिग्दर्शक अँड्र्यू अ‍ॅडमसन. तोवर संगणकाने जिवंत वाटेल असा सिंह उभा करता येऊ लागला होता, आणि लिअम नीसन यांनी त्याला आवाज दिला. या सिनेमात पुस्तकाबाहेरच्या गोष्टी आहेत. पुस्तकात युद्धाच्या बाँबहल्ल्यांमुळे मुलांना लंडनबाहेर पाठवले, एवढाच उल्लेख येतो. सिनेमा मात्र थेट त्या रात्रीपासून सुरू होतो. आकाशात विमाने, बागेतला आसरा, आणि एडमंड वडिलांचा फोटो आणायला घरात धावत परत जातो. हे लुइस यांनी लिहिलेले नाही. तरी आम्हाला ते खटकत नाही. मुलगा चिडका का झाला, मोठ्या भावाशी असा का वागतो, हे त्या एका फोटोने कळते. त्याचा गुन्हा लहान होत नाही, पण तो आपल्या ओळखीचा होतो.

त्याच सिनेमात एक जागा अशी आहे की तिथे दिग्दर्शकाने काहीही घातले नाही. सुटका झाल्यावर एडमंड आणि अस्लन दोघेच बोलत उभे असतात. ते काय बोलले हे लुइस यांनी वाचकांना सांगितलेच नाही. सिनेमातही ते दोघे दूर कड्यावर दिसतात आणि एक शब्द ऐकू येत नाही. कुमसाराची खोली ज्यांना ठाऊक आहे त्यांना हे मौन समजते. सिनेमावाल्यांना तिथे दोन मिनिटांचे भाषण घालता आले असते. त्यांनी मोह आवरला, आणि आमच्या मते सबंध सिनेमातली सर्वांत प्रामाणिक जागा ती आहे.

तेव्हा पहिली गोष्ट ही की शब्दाला शब्द चिकटून राहणे म्हणजे प्रामाणिकपणा नव्हे. हे आपल्या ख्रिस्तसभेला कुणी नव्याने शिकवायला नको. आपल्याकडे शुभवर्तमाने चार आहेत. मार्क येशूच्या जन्माची कथा सांगतच नाही. मंदिरातल्या व्यापाऱ्यांना हाकलण्याचा प्रसंग योहान सुरुवातीला सांगतो, बाकीचे तिघे शेवटाजवळ. शेवटच्या भोजनात भाकर आणि द्राक्षारस यांविषयी तिघे सांगतात, तर योहान त्या रात्रीचे पाय धुणे सांगतो. दुसऱ्या शतकात टेशियन नावाच्या लेखकाने चारही शुभवर्तमानांची मिळून एकच सलग कथा तयार केली होती आणि ती सिरियातल्या मंडळीत बराच काळ वाचलीही गेली. तरी शेवटी ख्रिस्तसभेने चार वेगवेगळी शुभवर्तमानेच ठेवली. क्रम वेगळा, प्रसंग वेगळे, पण चौघांच्या कथेत क्रुसावर गेलेला आणि तिसऱ्या दिवशी उठलेला एकच.

आणि आपल्या मराठीचे काय? इथून घाट उतरला की गोवा. तिथे राशोल येथे १६१६ साली फादर थॉमस स्टीफन्स यांचे 'ख्रिस्तपुराण' छापले गेले. हा इंग्लंडहून आलेला येशूसंघी धर्मगुरू. नव्याने ख्रिस्ती झालेल्या लोकांना जुन्या पुराणांच्या जागी वाचायला, म्हणायला काहीतरी हवे होते, म्हणून त्याने उत्पत्तीपासून येशूच्या स्वर्गारोहणापर्यंतची कथा ओवीत बांधली. स्वर्गासाठी 'वैकुंठ' हा लोकांच्या तोंडी असलेला शब्द वापरायलाही तो कचरला नाही. पुढे रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी 'ख्रिस्तायन' लिहायला घेतले, ते अपुरे राहिले आणि लक्ष्मीबाईंनी पुरे केले. छंद बदलला, पोशाख बदलला, बोलण्याची रीत बदलली. तरी ओवी म्हणणाऱ्या आजीला तारणारा कोण, याविषयी कधी शंका पडली नाही.

मग कुठला बदल चालत नाही? इथे आम्ही तिसऱ्या सिनेमाकडे येतो.

'द व्हॉयेज ऑफ द डॉन ट्रेडर' हे पुस्तक १९५२ सालचे आणि मायकल अ‍ॅप्टेड यांचा सिनेमा २०१० सालचा. पुस्तकात राजा कॅस्पियन सात हरवलेल्या सरदारांच्या शोधात समुद्रप्रवासाला निघतो. सिनेमात त्या सात सरदारांच्या सात तलवारी गोळा करून एका मेजावर ठेवायच्या असतात, म्हणजे एक हिरवे दुष्ट धुके नाहीसे होईल. वस्तू जमवा आणि संकट टाळा, असा हा खेळ मुलांना मोबाइलमुळे चांगलाच ओळखीचा आहे. तरी तेही चालवून घेऊ. अडीचशे पानांचे पुस्तक दोन तासांत बसवायला काहीतरी दोरी लागतेच.

पण युस्टेसचे काय झाले ते नीट बघू या. युस्टेस हा भावंडांचा चुलत-मावसभाऊ, कुरकुऱ्या आणि आपमतलबी. एका बेटावर तो ड्रॅगनच्या खजिन्यावर झोपतो, मनात हाव घेऊन झोपतो, आणि उठतो तेव्हा स्वतःच ड्रॅगन झालेला असतो. पुस्तकात एका रात्री सिंह येतो आणि त्याला डोंगरावरच्या बागेत नेतो. तिथे पायऱ्या असलेले मोठे पाण्याचे कुंड आहे. पाण्यात उतरण्याआधी अंगावरचे काढ, असे सिंह सांगतो. युस्टेस स्वतःला ओरबाडतो, खवल्यांची कातडी निघते, आणि खाली दुसरी तशीच कातडी. तो ती काढतो, खाली तिसरी. तीही काढतो, तरी तेच. मग सिंह म्हणतो की हे मला करू दे. युस्टेसला त्याच्या नखांची भीती वाटते, पण तो उताणा पडतो. पहिलाच पंजा इतका खोल जातो की तो काळजापर्यंत पोचला असे त्याला वाटते. कातडी सोलून झाल्यावर सिंह त्याला उचलून पाण्यात टाकतो, आणि तो पुन्हा मुलगा होतो. मग सिंहच त्याला नवे कपडे घालतो.

बाप्तिस्म्याचा धडा शिकवताना आम्हाला याहून सोपे काही सापडलेले नाही. जुने काढणे, पाणी, नवे वस्त्र. सगळे आहे.

आता सिनेमा. युस्टेस बराच वेळ ड्रॅगन राहतो आणि त्या रूपात मित्रांच्या उपयोगी पडतो, सागरी सर्पाशी झुंजतो, जखमी होऊन वाळूच्या किनाऱ्यावर येऊन पडतो. तिथे अस्लन येतो. पण तो दूर उभा राहतो. तो वाळूवर पंजा ओढतो आणि इकडे ड्रॅगनच्या अंगावर ओरखडे उमटतात. मग तो डरकाळी फोडतो, झगमगाट होतो आणि मुलगा माणसात येतो. डोंगरावरची बाग नाही, कुंड नाही, नवे कपडे नाहीत. तीनदा स्वतः सोलून पाहणेही दिसत नाही. नंतर युस्टेस एका वाक्यात सांगतो की मला स्वतःला जमले नसते. म्हणजे बोलण्यात खरी गोष्ट राहिली. दिसण्यात मात्र ती निसटली.

वर्गात यावर चर्चा झाली. एक मुलगा म्हणाला, "सर, सिनेमाच भारी. ड्रॅगन सापाशी लढतो, म्हणून तो पुन्हा माणूस होतो." त्याला असे वाटले यात त्याचा काय दोष? पडद्यावर क्रमच तसा आहे. आधी शौर्य, मग सुटका. पुस्तकातही ड्रॅगन झालेला युस्टेस सगळ्यांना मदत करतो, पण त्या मदतीने त्याची एक खवलही गळत नाही. एका मुलीने पुस्तक वाचलेले होते. ती म्हणाली, "पण पुस्तकात त्याला खूप दुखतं. आणि सिंह इतका जवळ असतो."

आमच्या मनात हे दोन्ही वाक्ये राहून गेली. सिनेमा बघून मूल शिकते की चांगले वागलास तर देव तुला बरे करतो. पुस्तक वाचून मूल शिकते की तू स्वतःला कितीही सोल, खाली तीच कातडी निघते. ज्याला ती काढता येते तो जवळ येतो, आणि त्याच्या नखांचा स्पर्श सोसावा लागतो. या दोन गोष्टींत फरक खवल्याएवढा दिसतो, पण एक शुभवर्तमान आहे आणि दुसरे नाही.

म्हणून आम्ही आमच्यापुरता एक नियम धरला आहे. कथेत वाट बदला, गाव बदला, पात्रे कमी-जास्त करा. पण वाचवणारा कोण आणि तो किती जवळ आला, हे बदलू नका.

हाच नियम दुसऱ्या एका मोठ्या कथेला लावून बघितला. लुइस यांचे मित्र जे. आर. आर. टोल्किन हे कॅथलिक होते. त्यांच्या 'द लॉर्ड ऑफ द रिंग्ज'वर पीटर जॅक्सन यांनी २००१ ते २००३ या काळात तीन सिनेमे काढले. गोलम या दुष्ट, दुबळ्या जिवाला मारून टाकायला हवे होते असे फ्रोडो म्हणतो, आणि दयेला कमी लेखू नकोस असे गँडाल्फ त्याला समजावतो. पुस्तकात हे बोलणे फ्रोडोच्या घरी होते, सिनेमात मोरियाच्या अंधाऱ्या खाणीत. जागा बदलली, काही बिघडले नाही. उलट ते बोलणे तिथे जास्त बोचते. पण शेवट बघा. पुस्तकात फ्रोडोला अंगठी टाकवत नाही, तो हरतो. गोलम त्याचे बोट तोडून अंगठी घेतो आणि आनंदाने नाचता नाचता स्वतःच कड्यावरून पडतो. ज्याच्यावर दया केली होती त्याच्याच हातून, कुणी न ठरवता, जग वाचते. सिनेमात फ्रोडो उठून गोलमशी झटापट करतो आणि त्यात गोलम खाली जातो. प्रेक्षकाला नायकाचा हात हवा असतो, म्हणून तो दिला. पण टोल्किन यांनी तिथे नायकाचा हात मुद्दाम काढून घेतला होता.

बघा, दोन्ही ठिकाणी मोह एकच आहे. कृपा पडद्यावर दाखवायला अवघड जाते. पराक्रम सोपा असतो.

आणि हा मोह फक्त सिनेमावाल्यांना होतो असे नाही. नाताळच्या नाटकात आपण खानावळवाला आणतो, तो लूकच्या शुभवर्तमानात कुठे नाही. गाढव आणतो, तेही नाही. राजे तीन आणतो. मत्तयाने ज्ञानी लोकांची संख्या सांगितलेली नाही, भेटी तेवढ्या तीन सांगितल्या. हे सगळे खुशाल आणावे. चौथीतल्या मुलाला गाढवाचे काम मिळाले तर तो पूर्ण डिसेंबर आनंदात असतो, आणि बाळ येशूचे त्यात काही कमी होत नाही.

पण उधळ्या पुत्राची गोष्ट बघा. तिचे नाटुकले बसवताना मुलगा डुकरांत बसून रडतो, पश्चात्ताप करतो, सुधारतो, आणि मग बाप त्याला घरात घेतो, असा शेवट सहज होतो. प्रेक्षक टाळ्या वाजवतात. लूकच्या पंधराव्या अध्यायात मात्र मुलगा दूर असतानाच बाप धावत सुटतो. मुलाने पाठ केलेले बोलणे पुरे होण्याआधीच तो झगा मागवतो. जक्कयाचेही तसेच. येशू त्याच्या घरी उतरायचे आधी ठरवतो, आणि लुबाडलेले परत करण्याची भाषा जक्कय नंतर करतो. क्रम उलटा केला तर पात्रे तीच, कपडे तेच, संवादही तेच राहतात, आणि गोष्ट मात्र दुसऱ्याच कुणाची तरी होते. "शहाण्यासारखा वागलास तरच येशू तुझ्यावर प्रेम करेल," हे वाक्य घरात किती सहज बोलले जाते! ते शुभवर्तमानाचे असेच दुरून डरकाळी फोडणारे रूपांतर आहे.

याने काय फरक पडतो, असे कुणी विचारील. आमच्या वर्गात पंधरा वर्षांचा एक मुलगा होता. घरची परिस्थिती सांगण्यासारखी नाही, आणि आम्ही ती सांगणारही नाही. तो वर्गात बोलत नसे. सिनेमानंतर आम्ही पुस्तकातला तो प्रसंग मराठीत सांगत सांगत वाचला. सगळे उठून सरबत प्यायला गेले आणि तो मागे थांबला. त्याने एवढेच विचारले, "तिसऱ्यांदा पण खाली तीच निघाली?" आम्ही म्हटले, हो, तीच. तो थोडा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "ते परत एकदा वाचा ना." आम्ही पुन्हा वाचले. डरकाळीने एका क्षणात सुटलेला युस्टेस त्या मुलाच्या काही कामाचा नव्हता. तीनदा प्रयत्न करून थकलेला युस्टेस त्याला ओळखीचा वाटला. तो प्रसंग कापला गेला होता म्हणजे त्या मुलाची जागाच कापली गेली होती.

म्हणून पालकांना आमचे सांगणे असे की सिनेमा बंद करू नका. मुलांबरोबर बसून बघा, आणि शक्य असेल तर मूळ पुस्तकातला तो एक प्रसंग त्यांना वाचून दाखवा. कोणती पुस्तकाची, कोणती सिनेमाची अशी चुकांची यादी करायला लावू नका. त्याने मुले नुसती टीकाकार होतात. एकच विचारा: "यात वाचवलं कोणी? आणि तो किती जवळ आला?" उत्तर शोधताना मुले आपोआप पुस्तकाकडे जातात, आणि पुढेमागे शुभवर्तमानाकडेही.

सिनेमाला न्यायही द्यायला हवा. त्याच तिसऱ्या सिनेमाच्या शेवटी अस्लन मुलांना सांगतो की तुमच्या जगात माझे वेगळे नाव आहे आणि त्या नावाने मला ओळखायला शिका. हे त्यांनी गाळले नाही. पुस्तकात याआधी तो कोकराच्या रूपात किनाऱ्यावर भेटतो आणि विस्तवावर भाजलेली मासळी खायला बोलावतो. ते सिनेमात नाही. पण योहानाचा एकविसावा अध्याय ज्याने वाचला आहे, त्याला ती न्याहारी कुणी मांडली होती हे सांगावे लागत नाही.

लुइस यांनी आणखी एक बारकी गोष्ट लिहून ठेवली आहे. त्या दिवसापासून युस्टेस एकदम गुणी झाला असे ते म्हणत नाहीत. अधूनमधून तो पूर्वीसारखाच वैताग आणी, पण बरे होणे सुरू झाले होते. आपल्यापैकी बहुतेकांचा हिशेब इथेच लागतो.

पौल करिंथकरांना लिहितो तेव्हा विश्वासी माणसांनाच ख्रिस्ताचे पत्र म्हणतो. आपल्या शेजारपाजारचे कितीतरी लोक बायबल कधी उघडणार नाहीत. त्यांनी पाहिलेले रूपांतर म्हणजे आपण. आपल्यात बरेच काही मूळ प्रतीशी जुळणार नाही, भाषा वेगळी, गाव वेगळे, स्वभाव तर वेगळाच. ते चालेल. पण आपल्याकडे बघून त्यांना असे वाटू नये की ही माणसे स्वतःच्या पराक्रमाने चांगली झाली. त्यांना दिसावे की इथे कुणीतरी जवळ आला होता, आणि त्याच्या हातांवर खुणा होत्या.

प्रार्थना: प्रभू येशू, तू दुरून आज्ञा देऊन थांबला नाहीस, कुष्ठरोग्याला हात लावलास, पेत्राचे पाय धुतलेस. आम्ही तुझी गोष्ट मुलांना सांगतो तेव्हा तुला दूर उभे करू नये, एवढी कृपा कर. आमच्या अंगावरची जी कातडी आम्हाला निघत नाही, ती काढायला तू ये, आणि तू येशील तेव्हा स्वस्थ पडून राहण्याचे धैर्य आम्हाला दे. आमेन.